कुलूप नेमकं कोणत्या खोलीला? संरक्षण संशोधन, विद्यापीठं आणि आपण

ज्यांना एपिसोड ऐकायला रेंज मिळत नाही किंवा जे बसमध्ये हेडफोन विसरतात, त्यांच्यासाठी हा नेहमीसारखा लिहून काढलेला भाग. बोलताना जे तुटक झालं होतं ते थोडं नीट केलंय, बाकी जसं बोललो तसंच आहे.

दिवाळीत गावी होतो. देवगाव रंगारीला, आपल्या कन्नड तालुक्यात. आठवडी बाजाराच्या दिवशी चहाच्या टपरीवर आमचा बीटेकचा एक दोस्त भेटला. वर्गात आमच्यापेक्षा हुशार. मी सॉफ्टवेअरच्या नोकरीला लागलो, तो संशोधनात गेला. एका विद्यापीठात संरक्षण खात्याच्या पैशावर चालणाऱ्या प्रोजेक्टमध्ये फेलो म्हणून लागला. विद्यापीठाचं नाव सांगत नाही, ते महत्त्वाचं पण नाही. काम होतं हलक्या आणि मजबूत मटेरियलचं. दोन वर्षं राबून त्याने पेपर लिहिला. पेपर छापायच्या आधी परवानगी लागते, म्हणून फाईल वर गेली. चौदा महिने परत आली नाही. तेवढ्यात बाहेरच्या देशातल्या एका टीमने जवळपास तेच काम छापून टाकलं. ह्याची फेलोशिप संपली. पीएचडीच्या अर्जात दाखवायला हातात काही नाही. आता तो तालुक्याच्या ठिकाणी स्पर्धा परीक्षांचे क्लास घेतो.

मला म्हणाला, "भावा, मी काही चोरी केली का? त्यात गुप्त काय होतं तेवढं तरी मला सांगायला पाहिजे होतं."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी चहाचे पैसे फोनवरून स्कॅन करून दिले आणि गप्प बसलो. नंतर वाचायला लागलो, तेव्हा कळलं की त्याचा प्रश्न पंचाहत्तर वर्षांहून जुना आहे. तो संसदेत विचारला गेलाय, मुंबईत विचारला गेलाय, अमेरिकेतल्या विद्यापीठांनी तर त्यासाठी थेट सरकारला पत्रं लिहिली आहेत. आणि गंमत म्हणजे मी ज्या फोनने चहाचे पैसे दिले, तो व्यवहार सुरक्षित आहे तो सुद्धा ह्याच भांडणामुळे. ते कसं, ते शेवटाकडे सांगतो. आधी आपल्या घरापासून सुरुवात करू.

१९४८ : संसदेतला एक साधा प्रश्न

१२ मार्च १९४४ ला होमी भाभांनी सर दोराबजी टाटा ट्रस्टला एक पत्र लिहिलं. मूलभूत भौतिकशास्त्राची एक चांगली संस्था आपल्या देशात हवी, म्हणजे पुढे अणुऊर्जा वापरायची वेळ आली की तज्ज्ञ बाहेरून आणायला लागणार नाहीत, असा त्यांचा मुद्दा होता. त्यातून १९४५ मध्ये टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च, म्हणजे आपली टीआयएफआर, उभी राहिली. सुरुवात बंगळुरूला झाली आणि त्याच वर्षी संस्था मुंबईला पेडर रोडवरच्या एका बंगल्यात आली.

मग स्वातंत्र्य आलं. ६ एप्रिल १९४८ ला पंडित नेहरूंनी संविधान सभेत, जी तेव्हा कायदेमंडळ म्हणून पण बसायची, अणुऊर्जेचं विधेयक मांडलं. अणुसंशोधन आणि त्याला लागणारी खनिजं सरकारच्या ताब्यात राहतील आणि काम गुप्त राहील, असा त्याचा गाभा होता.

तेव्हा म्हैसूरचे एक सदस्य उभे राहिले, एस. व्ही. कृष्णमूर्ती राव. त्यांनी ब्रिटनचा कायदा वाचला होता. त्यांचा मुद्दा असा की ब्रिटनमध्ये गुप्तता आहे ती संरक्षणाच्या कामापुरती. मग आपण शांततेच्या कामाला, साध्या संशोधनाला पण तेच कुलूप का लावतोय? नेहरूंनी जे उत्तर दिलं त्याचा आशय असा, की वीज तयार करायचं ज्ञान आणि बॉम्ब तयार करायचं ज्ञान ह्यांच्यात रेघ कुठे मारायची हे मला समजत नाही.

जरा थांबा इथे. हे उत्तर प्रामाणिक होतं. अणूचं विज्ञान खरंच तसं आहे. पण परिणाम बघा. रेघ मारता येत नाही म्हणून सगळंच कुलपात गेलं. १० ऑगस्ट १९४८ ला अणुऊर्जा आयोग झाला, पुढे १९५४ मध्ये अणुऊर्जा विभाग झाला आणि तो थेट पंतप्रधानांच्या हाताखाली. पैसा, माणसं, यंत्रं एका आवारात. विद्यापीठं आवाराच्या बाहेर.

किराणा दुकानदाराचा मुलगा लोकसभेत

ह्याच्या विरोधात सगळ्यात मोठ्याने बोलला तो माणूस मेघनाद साहा. ढाक्याजवळच्या खेड्यातला, वडिलांचं छोटं किराणा दुकान. आपल्यापैकी बऱ्याच जणांसारखंच घर. ताऱ्यांच्या प्रकाशावरून त्यांच्यातली मूलद्रव्यं आणि तापमान कसं ओळखायचं, ह्याचं जे समीकरण जगभर शिकवतात ते त्यांच्या नावाचं आहे. ते कलकत्ता विद्यापीठात प्राध्यापक होते आणि अणुभौतिकीची संस्था त्यांनी तिथेच, विद्यापीठाच्या अंगणात उभी केली. आयरीन ज्योलिओ-क्युरी यांनी १९५० च्या जानेवारीत तिचं उद्घाटन केलं.

१९५२ मध्ये साहा अपक्ष म्हणून लोकसभेवर निवडून आले. आज कुणी शास्त्रज्ञ निवडणूक लढवतोय अशी कल्पना करा! मे १९५४ मध्ये त्यांनी लोकसभेत अणुऊर्जेवर चर्चा घडवून आणली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: एवढी गुप्तता ठेवली तर काम नीट चाललंय की नाही हे तपासणार कोण? आणि विद्यापीठांत माणसंच तयार झाली नाहीत, तर उद्या तुमच्या त्या बंद आवारात काम कोण करणार?

साहांचा आणि भाभांचा स्वभाव जमत नव्हता हे खरं आहे. त्यात व्यक्तिगत स्पर्धा पण होती. साहा सगळ्या बाबतीत बरोबर होते असं मी म्हणत नाही. भाभांनी जे उभं केलं ते विद्यापीठांच्या त्या काळच्या कारभारात उभं राहिलं असतं का, ही शंका रास्त आहे. पण साहांचा दुसरा प्रश्न, माणसं कुठून येणार हा, तो आजही तसाच उभा आहे. फेब्रुवारी १९५६ मध्ये ते गेले.

टीआयएफआरच्या आत पण एक वेगळा आवाज होता आणि तो आपल्या मराठी माणसाचा. दामोदर धर्मानंद कोसंबी. गोव्यात जन्म, पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक, १९४५ पासून टीआयएफआरमध्ये. पुण्याहून डेक्कन क्वीनने मुंबईला ये-जा करायचे. इतिहासकार म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण पोटापाण्याचं काम गणित होतं. भारतासारख्या देशाने अणूपेक्षा सूर्याच्या ऊर्जेवर पैसा लावावा, असं ते उघड सांगायचे. ज्या संस्थेत नोकरी, तिच्या मुख्य दिशेच्या विरोधात. १९६२ मध्ये त्यांचा करार पुढे वाढवला गेला नाही. त्यामागे एकच कारण होतं असं मी म्हणणार नाही. पण आज आपल्या गावात शेतातल्या पंपाला सोलर पॅनल बसतंय, ते बघताना मला कोसंबी आठवतात एवढं खरं.

१९५८ : एकाच वर्षी दोन जन्म

आता संरक्षण संशोधनाकडे येऊ. इथे गोष्ट वेगळ्या प्रकारे सुरू झाली होती आणि हे मला आधी अजिबात माहीत नव्हतं.

१९४८ मध्ये संरक्षण मंत्र्यांचे वैज्ञानिक सल्लागार म्हणून ज्यांना बोलावलं ते होते दौलतसिंग कोठारी. दिल्ली विद्यापीठाचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक आणि अलाहाबादला मेघनाद साहांचे विद्यार्थी! म्हणजे भारताच्या संरक्षण संशोधनाचा पाया विद्यापीठातल्या मास्तराने घातलाय. त्यांच्या काळात १९५२ मध्ये पुण्याला लष्कराच्या कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंगच्या आवारात इन्स्टिट्यूट ऑफ आर्मामेंट स्टडीज सुरू झाली. तीच पुढे १९६७ मध्ये गिरीनगरला गेली आणि आज तिला डीआयएटी म्हणतात. आता ते अभिमत विद्यापीठ आहे.

१९५८ मध्ये संरक्षण विज्ञान संघटना आणि सैन्याच्या तांत्रिक विकास संस्था एकत्र करून डीआरडीओ तयार झाली. त्याच वर्षी २३ ऑगस्टला आपल्याकडे औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं, आजचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. दोघांचं वय एकच.

आता मोबाईलवर नकाशा उघडा आणि देवगाव मध्ये धरा. पश्चिमेला नाशिकला डीआरडीओचं ऊर्जाद्रव्यांचं केंद्र. दक्षिणेला अहिल्यानगरला लष्करी वाहनांची व्हीआरडीई. त्याच्या पुढे पुण्यात तोफा-शस्त्रांची एआरडीई, स्फोटकांची एचईएमआरएल आणि लष्करी पुलांवर काम करणारी आर अँड डीई. मुंबईच्या बाजूला अंबरनाथला नौदलासाठी मटेरियलचं संशोधन करणारी एनएमआरएल. म्हणजे महाराष्ट्रात संरक्षण संशोधन कमी आहे असं कुणी म्हणू शकत नाही. आपण त्याच्या मधोमध बसलोय. पण माझ्या कॉलेजच्या चार वर्षांत ह्यातल्या एकाही संस्थेचा माणूस आमच्या वर्गात आला नाही, आणि आम्हाला पण तिकडे जाता येतं हे कुणी सांगितलं नाही. शेजार आहे, पण मध्ये कुंपण आहे.

कोठारींना हे कुंपण दिसत होतं असं मला वाटतं. कारण १९६१ मध्ये ते संरक्षणातून बाहेर पडले आणि विद्यापीठ अनुदान आयोगाचे, म्हणजे यूजीसीचे अध्यक्ष झाले. मग १९६४ ते ६६ चा तो प्रसिद्ध कोठारी आयोग. त्याचे सदस्य-सचिव होते आपल्या कोल्हापूर भागातले शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक. राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के शिक्षणावर खर्च करा, ही शिफारस सगळ्यांना माहीत आहे. पण त्याच अहवालात हे पण आहे की संशोधनाला विद्यापीठात बळ द्या, शिकवणं आणि संशोधन वेगळं करू नका. दहा-बारा वर्षं संरक्षणाच्या आतल्या खोलीत बसलेला माणूस बाहेर येऊन हे सांगतोय, हे लक्षात घ्या.

तरी झालं काय? सरकारी आकडे २०२०-२१ चे आहेत. देशाचा संशोधनावरचा एकूण खर्च जीडीपीच्या ०.६४ टक्के. त्या खर्चात उच्च शिक्षण संस्थांचा वाटा सुमारे ९ टक्के. आणि केंद्र सरकारच्या मोठ्या वैज्ञानिक संस्थांच्या खर्चात एकट्या डीआरडीओचा वाटा जवळपास ३१ टक्के. माझं म्हणणं डीआरडीओला पैसा कमी द्या असं नाहीये. म्हणणं एवढंच, की माणसं तयार होतात एका ठिकाणी आणि पैसा असतो दुसऱ्या ठिकाणी.

भिंत दुसऱ्याने बांधली तेव्हा

कुलूप फक्त आपण लावतो असं नाही. कधी आपल्यालाच बाहेर ठेवलं जातं.

१९८० च्या दशकात भारताला अमेरिकेचा क्रे सुपरकॉम्प्युटर हवा होता. हे मशीन हवामानाचा अंदाज पण काढतं आणि क्षेपणास्त्राचं गणित पण करतं, म्हणून अमेरिका बिचकली. हवा होता तो ताकदवान क्रे मिळालाच नाही. हवामान खात्याला लहान मॉडेल मिळालं, ते पण देखरेखीच्या अटींसह. बघा, नेहरूंनी १९४८ ला सांगितलेलीच अडचण. रेघ कुठे मारायची? फक्त आता कुलपाची चावी दुसऱ्याच्या हातात होती.

मग १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक सुरू झाली, पुणे विद्यापीठाच्या आवारात. प्रमुख होते अकोला जिल्ह्यातले विजय भटकर. १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला. तो एका राक्षसी चिपवर चालत नव्हता. बाजारात विकत मिळणारे बरेच प्रोसेसर एकमेकांना जोडून, काम वाटून तो चालायचा. आणि असे प्रोसेसर जोडायची विद्या आली कुठून? अमेरिकेतल्या कॅलटेकसारख्या विद्यापीठांत १९८० च्या सुरुवातीला ह्यावर प्रयोग झाले होते आणि ते जर्नलमध्ये उघड छापलेले होते. मशीन अडवता आलं, छापलेलं ज्ञान अडवता आलं नाही. अर्थात नुसतं वाचून परम झाला नसता. वाचून समजणारी आणि हाताने करणारी माणसं आपल्याकडे तयार होती, म्हणून झाला.

तुमच्या फोनमधलं गणित

आता ते चहाच्या स्कॅनचं सांगतो.

१९७६ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातले मार्टिन हेलमन आणि व्हिटफील्ड डिफी यांनी एक पेपर छापला. दोन अनोळखी माणसं, मधला रस्ता उघडा, सगळे ऐकतायत, तरी दोघं मिळून एक गुप्त चावी कशी ठरवू शकतात, हे त्यात होतं. आज तुमचा फोन बँकेच्या सर्व्हरशी बोलतो तेव्हा सुरुवातीला साधारण हेच होतं. आम्ही सॉफ्टवेअरवाले रोज ते वापरतो आणि विसरून जातो.

पण तेव्हा गुप्तलेखनाचं शास्त्र अमेरिकन कायद्यात शस्त्रात मोजलं जायचं. जुलै १९७७ मध्ये तिथल्या गुप्तचर संस्थेतल्या, म्हणजे एनएसएमधल्या एका कर्मचाऱ्याने इंजिनिअरांच्या संघटनेला पत्र लिहिलं. असे पेपर परिषदेत वाचणं म्हणजे शस्त्र निर्यातीच्या कायद्याचा भंग ठरू शकतो, असा इशारा होता. पत्र त्याने खाजगीत लिहिलं होतं, पण घाबरायला तेवढं पुरे होतं.

हेलमन विद्यापीठाच्या वकिलाकडे गेले. वकिलाने कागद वाचून सांगितलं, की माझ्या मते तुम्ही कायदा मोडत नाही. खटला झाला तर विद्यापीठ तुमच्या बाजूने लढेल. पण शिक्षा झाली तर तुरुंगात तुमच्या जागी विद्यापीठ जाऊ शकत नाही.

ऑक्टोबर १९७७ मध्ये परिषद होती. पेपर खरं तर हेलमन यांचे दोन विद्यार्थी वाचणार होते. त्यांचं करिअर अजून सुरू व्हायचं होतं, कोर्टकचेरीत ते संपलं असतं. म्हणून पेपर स्वतः हेलमननी वाचले आणि ते दोघं विद्यार्थी स्टेजवर त्यांच्या शेजारी उभे राहिले. पुढे खटला झाला नाही.

हा किस्सा वाचताना मला आमचा दोस्त आठवला. त्याच्या शेजारी कुणी उभं राहिलं नाही. फरक पैशाचा आहेच, पण आधी हा आहे.

आणि गोष्ट एका माणसाच्या धाडसावर थांबली नाही. फेब्रुवारी १९८१ मध्ये स्टॅनफर्ड, एमआयटी, कॅलटेक, कॉर्नेल आणि कॅलिफोर्निया विद्यापीठ ह्या पाचही ठिकाणच्या प्रमुखांनी मिळून तिथल्या सरकारच्या मंत्र्यांना पत्र लिहिलं. निर्यातीचे कायदे वर्गातल्या शिकवण्याला आणि साध्या संशोधनाला लावू नका, असं त्यांनी बजावलं. लक्षात घ्या, हीच विद्यापीठं संरक्षण खात्याकडून भरपूर पैसा घेत होती. पैसा घेतो म्हणून गप्प बसायचं, असं त्यांनी मानलं नाही.

त्यातून एक समिती बसली. अध्यक्ष डेल कॉर्सन, कॉर्नेलचे माजी प्रमुख. समितीने सप्टेंबर १९८२ मध्ये अहवाल दिला: तंत्रज्ञान सोव्हिएत रशियाकडे गळतंय हे खरं, पण त्यातला विद्यापीठातून आणि उघड्या पेपरांतून जाणारा भाग फार थोडा. गुप्त ठेवायचं ते मोजकं ठेवा आणि तिथे भिंत उंच बांधा, बाकीचं उघडं राहू द्या. २१ सप्टेंबर १९८५ ला राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी आदेश काढला: मूलभूत संशोधनाचे निष्कर्ष शक्य तितके उघडे राहतील. काही लपवायचंच असेल, तर ते आधीच अधिकृतपणे गुप्त म्हणून जाहीर करा.

तो 'आधीच' शब्द महत्त्वाचा आहे. काम सुरू करतानाच सांगा. दोन वर्षं राबल्यावर फाईल अडकवू नका.

पण धोका खरा आहे

हे सगळं ऐकून तुम्हाला वाटेल की मी गुप्ततेच्याच विरोधात आहे. तसं नाही.

अब्दुल कादिर खान यांचं उदाहरण घ्या. १९७० च्या दशकात ते नेदरलँड्समध्ये युरेनियम समृद्ध करणाऱ्या यंत्रांशी संबंधित कंपनीत काम करायचे. तिथली माहिती घेऊन ते पाकिस्तानात परतले आणि त्यावर पाकिस्तानचा बॉम्ब कार्यक्रम उभा राहिला. त्याची किंमत आपण अजून मोजतोय. तिथे भिंत उंच हवी होती आणि नव्हती.

आणि मे २०२३ मधली पुण्याची बातमी आठवत असेल. डीआरडीओच्या एका वरिष्ठ शास्त्रज्ञाला एटीएसने अटक केली. आरोप असा, की सोशल मीडियावर ओळख झालेल्या, पाकिस्तानसाठी काम करणाऱ्या व्यक्तीला त्यांनी माहिती दिली. खरंखोटं कोर्ट ठरवेल, म्हणून नाव घेत नाही. पण आरोप कशाबद्दल आहे बघा. जर्नलमधल्या पेपरबद्दल नाही, कॉलेजच्या पोरांबद्दल नाही. भिंतीच्या आतल्या एका फोनबद्दल.

आमच्या क्षेत्रात ह्यावर एक जुना नियम आहे. १८८३ मध्ये ऑगस्ट केर्कहॉफ नावाच्या प्राध्यापकाने तो फ्रान्सच्या एका लष्करी नियतकालिकात मांडला. तुमचं कुलूप कसं बनवलंय हे शत्रूला कळलं तरी चालेल असं ते बनवा, गुप्त ठेवायची ती फक्त चावी. अमेरिकेने १९९७ मध्ये सरकारी कामासाठी नवीन कूटपद्धत हवी म्हणून जगभरातून उघडपणे १५ प्रस्ताव घेतले आणि सगळ्या जगाला सांगितलं, मोडून दाखवा. जिंकली बेल्जियमच्या दोघांची पद्धत. तीच एईएस, तुमच्या वायफायमध्ये आहे ती. २००३ मध्ये तिथल्या सरकारने तीच पद्धत अति-गोपनीय माहितीसाठी पण चालेल असं ठरवलं. उघडी होती म्हणूनच तिच्यावर विश्वास ठेवता आला.

आपल्याकडे आत्ता काय चाललंय

दोन-तीन गोष्टी चांगल्या घडल्यात, त्या पण सांगायला हव्यात.

जानेवारी २०२१ मध्ये केंद्राच्या शिक्षण खात्याचा आदेश आला. सरकारी विद्यापीठांनी आंतरराष्ट्रीय ऑनलाइन परिषदा घेताना आधी परवानगी घ्यायची, आणि देशाची सुरक्षा, सीमा, किंवा भारताचे अंतर्गत प्रश्न असे विषय टाळायचे. लॉकडाऊनचा काळ, सगळं झूमवर चाललेलं. देशातल्या विज्ञान अकादम्यांनी लेखी आक्षेप घेतला, की अशाने भारतात विज्ञानावर चर्चाच करता येणार नाही. फेब्रुवारी संपायच्या आत आदेश मागे घेतला गेला. मोर्चा नाही, घोषणा नाहीत. नीट लिहिलेलं पत्र. साहांच्या भाषणानंतर बऱ्याच वर्षांनी का होईना, आपल्याकडे पण पत्राने काम झालं.

१ फेब्रुवारी २०२२ च्या अर्थसंकल्पात संरक्षण संशोधनाच्या पैशातले २५ टक्के उद्योग, स्टार्टअप आणि शिक्षण संस्थांसाठी खुले केले. २०२३ मध्ये राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाचा, म्हणजे एएनआरएफचा कायदा झाला. पाच वर्षांत ५०,००० कोटींचं लक्ष्य, त्यातला मोठा भाग सरकारच्या बाहेरून उभा करायचा. राज्य विद्यापीठांत आणि कॉलेजांत संशोधन वाढवणं हा त्याचा एक उद्देश आहे.

कागदावर हे छान आहे. पण पैसा आला की अटी येणारच. आणि अटी ठरवताना आपली विद्यापीठं, आपले कुलगुरू, आपले प्राध्यापक टेबलावर बसतील का? की अनुदान मिळालं म्हणून सही करून मोकळे होतील? त्या पाच अमेरिकन विद्यापीठांनी एकत्र पत्र लिहिलं म्हणून ऐकलं गेलं. महाराष्ट्रातली विद्यापीठं एकत्र येऊन अशी तीनच वाक्यं लिहू शकतात: गुप्त काय ते पहिल्या दिवशी सांगा. परवानगीच्या फाईलला तारीख घाला, तोपर्यंत उत्तर नाही आलं तर होकार समजा. आणि विद्यार्थ्याचं काम अडवलंच, तर त्याच्या फेलोशिपची आणि पदवीची जबाबदारी घ्या.

ह्यातलं एकही वाक्य देशाच्या सुरक्षेच्या आड येत नाही. उलट, उद्या नाशिक-नगर-पुण्याच्या त्या आवारात काम करायला जी पोरं लागणार आहेत, ती आज आपल्याच कॉलेजांत बसली आहेत. त्यांना आता क्लासकडे ढकललं तर तेव्हा आणायची कुठून? साहा १९५४ ला हेच विचारत होते.

एपिसोड रेकॉर्ड करायच्या आधी दोस्ताला फोन केला, विचारलं तुझी गोष्ट सांगू का. म्हणाला, सांग, नाव नको. मग थोडा वेळ थांबून म्हणाला, "ते हेलमनचं खरंय का? स्वतः वाचला पेपर?" म्हटलं, खरंय. "आणि पोरं शेजारी उभी होती?" म्हटलं, हो. तो म्हणाला, लिंक पाठव. पाठवली.

तुमच्यापैकी कुणी असं प्रोजेक्ट करत असेल, तर आजच गाईडला एक मेल टाका: माझ्या कामातला कोणता भाग छापता येणार नाही, ते मला लेखी कळवा. विचारायला पैसे लागत नाहीत. उत्तर आलं की मला पण कळवा.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, फोनचं अपडेट टाळू नका.